वाचल्याशिवाय सही नाही



कापसाची गाडी काट्यावर लागली की आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. पाच किलोची खोट दिसली की आवाज चढतो. मग ग्रामपंचायतीत लाखांचा हिशेब होतो तेव्हा आपण कुठे असतो?

कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. गणपूर्ती फार मोठी नाही : मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसे, यांत कमी असेल ती संख्या. तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग दहा माणसे बसतात आणि अख्ख्या गावाच्या नावाने ठराव होतो. कुठे तर सभाच होत नाही. रजिस्टर घरोघर फिरते, आपण ओट्यावर बसून सही ठोकतो. पुढे बंधारा राहिला, पैसा भलतीकडे गेला, तर ओरडायचे कोणत्या तोंडाने? सही आपलीच!

1993 साली 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. ती रिकामी ठेवली आपणच.

डवरणी, निंदण, वेचणी ही कामे आहेतच. तरी तो एक दिवस काढा. ग्रामसभेआधीची महिलांची सभा मायबहिणींनी कागदावर राहू देऊ नये. तीन गोष्टी मागा : मागच्या सभेचे इतिवृत्त वाचा, जमाखर्च वाचा, आजचा ठराव लिहून झाला की मोठ्याने वाचा. सही त्यानंतर.

मुंबई-दिल्लीला जाब विचारणाऱ्याने आधी आपल्या चावडीवर तोंड उघडावे.