पोरांचे मन सांभाळणाऱ्यांना मान कधी?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी एक निकाल दिला. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून शिक्षणसंस्थांना काही सूचना घालून दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडावा. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. शेतीच्या पानावर हे कशाला, असे कोणी विचारेल. पण ज्या घरातला कर्ता होऊ घातलेला पोरगा आतून खचला, त्या घरची खाचरेही पडीक राहतात, हे शेतकरी बंधूंना सांगायला नको.

आता ही सूचना मावळात कशी लागू होणार ते पाहू. वडगाव, तळेगाव, लोणावळ्याच्या मोठ्या शाळांना समुपदेशक नेमावा लागेल. पण नाणे मावळ, अंदर मावळ, पवन मावळातल्या वाड्यावस्त्यांवरच्या लहान शाळांचे काय? त्यांच्या वाट्याला येतो तो ‘बाहेरचा तज्ज्ञ’. तो कोण, कुठे बसतो, कोणत्या वारी येतो, हे पालकांना ठाऊक नसेल तर सूचना कागदावरच राहील.

गरज तर मोठी आहे. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि जमिनीचे भाव चढले. काही घरांत पैसा आला आणि गेलाही. पोरगा ना धड शेतकरी, ना धड नोकरदार. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले. कंत्राटी कामाची आज खात्री, उद्या नाही. त्यात लग्नाचा प्रश्न. पोरगा शेती करतो म्हटले की स्थळ मागे फिरते. देशभरातून माणसे मनःशांतीसाठी लोणावळ्याला येतात, कैवल्यधाम तर १९२४ पासून आहे. पण या पाहुण्यांना चिक्की विकणाऱ्या पोराला ‘काय रं, झोप लागती का?’ असे विचारणारे कोणी नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे बोलके आहेत. त्या वर्षी देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या झाल्या, पैकी २२ हजार ७४६ महाराष्ट्रात. राज्यांत आपला क्रमांक पहिला. देशात दर शंभरात सुमारे ७२ पुरुष. आपण पोरांना लहानपणापासून ‘रडतोस काय पोरीसारखा’ म्हणत आलो. मग दुःख गाडीच्या वेगातून, बाटलीतून, भांडणातून बाहेर पडते. डॉक्टरकडे जावे तर ‘येरवड्याला न्यायची वेळ आली वाटतं’ म्हणून गाव हसते.

यावर काम करणारी माणसे मराठी मुलखात आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. दारूचा त्रास असलेल्या पुरुषांशी ते काही बैठका बोलले. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी शंभरात ३६ जण त्या त्रासातून बाहेर आलेले दिसले. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ होते. म्हणजे नीट शिकलेला माणूस पोराच्या जवळ बसला तर फरक पडतो, आणि तो तोलून दाखवताही येतो.

आपल्याकडेही राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आणि समुपदेशक ही त्याची रचना. पण आरोग्य अभियानातली बहुतेक पदे कंत्राटी. पोरांना जरा विश्वास वाटू लागतो, तोवर माणूस बदलतो. दोष त्या माणसाचा नाही. ज्याला उद्याची खात्री नाही, त्याने दुसऱ्याला धीर कसा द्यायचा?

मुख्य अडचण अशी की हे काम दिसत नाही. पीक स्पर्धेत काटा असतो. एकरी उतारा मोजला की नंबर काढता येतो. वाचलेला पोरगा मोजता येत नाही, त्याचे नावही सांगायचे नसते. काही वाईट घडले नाही, हेच या कामाचे उत्पन्न. म्हणून आदर्श शिक्षकाला फेटा मिळतो, प्रयोगशील शेतकऱ्याला कृषिभूषण मिळतो, आणि समुपदेशक कोपऱ्यातल्या खोलीत राहतो.

मान म्हणजे नुसती शाल आणि नारळ नव्हे. पहिले, समुपदेशकाचे नाव, ठिकाण आणि वार प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या फलकावर लिहावा. दुसरे, त्याला प्रवासखर्च मिळावा आणि त्याने महिन्यातून एकदा तालमीत, क्रिकेटच्या मैदानावर, बैलगाड्याच्या घाटावर जावे. रोगट पान घेऊन शेतकरी आपणहून कचेरीत येईल म्हणून वाट बघत बसले तर निम्मे पीक जाते. इथेही तेच. तिसरे, पद कायम व्हावे. चौथे, जिल्हा परिषदेने शिक्षकांच्या बरोबरीने यांनाही दरवर्षी गौरवावे. किती शाळांना भेटी दिल्या, किती मुले दुसऱ्यांदा आपणहून आली, एवढे पाहिले तरी पुरे. नावे विचारू नयेत.

येत्या ग्रामसभेत रस्ता आणि पाण्याच्या विषयाबरोबर हा एक प्रश्न जरूर विचारा : आमच्या शाळेचा समुपदेशक कोण? उत्तर मिळेपर्यंत टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवा. सरकारची ही सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येते. आणि पोरगं दोन दिवस गप्प असेल तर रागवायच्या आधी त्याच्याजवळ जरा बसा.