जागा विचारू नका

किलार्नी नेच्याचा फोटो टाकल्यापासून मंडळातल्या आठ-दहा जणांनी तरी विचारलं, ‘कुठे दिसला? वीकेंडला जाऊन येतो.’ एकालाही उत्तर दिलं नाही. तुम्हालाही देणार नाही. शिष्टपणा म्हणा हवं तर.

या नेच्याचं पान शिरा सोडल्या तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं. उजेडासमोर धरलं की आरपार दिसतं. पाणी राखून ठेवायची सोयच नाही, त्यामुळे धबधब्याशेजारची कपार, कायमची सावली आणि कायमची ओल हवी. घरी नेलेला तुकडा सुकून जातो.

एकोणिसाव्या शतकात त्यावर तोडगा निघाला. डॉ. नथॅनिएल वॉर्ड यांच्या बंद काचपेटीत ओल टिकते हे कळलं, आणि दिवाणखान्यात नेचे ठेवायचं वेड लागलं. 1855 मध्ये चार्ल्स किंग्सली यांनी त्या वेडाला ‘टेरिडोमेनिया’ असं नावही दिलं. किलार्नीला हा नेचा उपटून पर्यटकांना विकत. उपटवणारे लोक निसर्गाचे वैरी नव्हते हो! त्यांना नेच्यांची लॅटिन नावं पाठ होती. ‘लोकांना माहीत झालं तरच लोक जपतील’ असं मला ऐकवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि वाचलं काय? 1980 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या कित्येक अंधाऱ्या कपारींत याच नेच्याची प्राथमिक अवस्था सापडली. पानं नाहीत, नुसता हिरव्या कापसासारखा गुंता. पान न फुटताही तो वर्षानुवर्षं तसाच तगतो. तो कुणी उपटला नाही, कारण कुणी ओळखलाच नाही.

‘आम्ही तोडणार थोडंच, फोटोच काढणार.’ मान्य. पण ओल्या कातळावर तोल सावरायला हात टेकतो तो नेमका शेवाळावर, आणि शेवाळासकट सगळं निघून येतं. ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्याने या नेच्याला संरक्षण आहे; घळीत पहारेकरी नाही. म्हणून तर जाहीर नोंदींतही अशा वनस्पतींच्या जागा मुद्दाम ढोबळ ठेवतात.

हे सगळं ठाऊक असूनही पहिला फोटो मी लोकेशनसकटच टाकला होता. उत्साह, दुसरं काय. तासाभराने लक्षात आल्यावर काढला. त्या तासाभरात ज्यांनी तो सेव्ह केला असेल, त्यांनी कृपया खोडून टाका. पुढे पाठवला असेल, तर त्यांनाही सांगा.