बाटलीतलं संत्रं आणि बगिच्यातलं संत्रं

काय दोस्तांनो, ओळखलंत का? ‘करून पाहू या’वाली तुमची मालेगावची मॅडम! नाही नाही, नाशिककडचं मालेगाव नव्हे बरं का. आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं, अकोल्याहून वाशीमला जाताना लागतं ते. आमच्या वावरांत सोयाबीन, तूर, हरभरा तर असतोच, पण इकडे संत्र्याचे बगिचेही आहेत. हिवाळ्यात आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की रस्त्यानं जाताना नुसता वास येतो!

आज आपण करणार आहोत स्मूदी. नाव मोठं फॅशनेबल आहे. शहरातल्या हॉटेलात उंच पेल्यात, नळी खोचून मिळते म्हणे. पण ती करण्याआधी आमच्या शाळेतली एक गोष्ट सांगते.

डिसेंबरातली सकाळ होती. परिपाठ चालू होता. प्रार्थना संपता संपता चौथीतला एक मुलगा मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक. त्याला सावलीत नेलं, पाणी दिलं. विचारलं, “सकाळी काय खाल्लंस रे?”

तो काही बोलेना. मग त्यानं दप्तरातून अर्धी बाटली काढून दाखवली. केशरी रंगाचं, फसफसणारं थंड पेय. बाटलीवर कापलेल्या संत्र्याचं झकास चित्र.

“एवढंच?”

“हो मॅडम. माय-बाबा अंधारातच वावरात जातात, तोडणी चालू हाय ना. माय दहा रुपये ठेवून जाते.”

“अरे, पण तुमच्याकडे तर संत्र्याचा बगिचा आहे!”

“हाय ना. ढीग पडला हाय. पण ती बारीक फळं हायेत, व्यापारी घेत नाही. त्याले कोण खाते?”

दोस्तांनो, मला हसावं की रडावं ते कळेना. घरी संत्र्यांचा ढीग, आणि पोरगं पैसे देऊन संत्र्याचं चित्र पितंय! पण त्याला रागावणार कशी? माझ्या मुलाला ताप आला होता तेव्हा मीही दुकानातून डब्यातला ‘ज्यूस’ आणलाच होता की. चित्र पाहून आपण सगळेच फसतो.

त्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवला. म्हणजे ठेवला असं मला वाटलं, पण गणितच झालं! बाटलीवरची बारीक अक्षरं आम्ही भिंगातून वाचली. साखर : १०० मिलीलिटरमागे १३ ग्रॅम. बाटली २०० मिलीलिटरची. मग एकूण साखर किती? बरोबर, २६ ग्रॅम. एका सपाट चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर मावते असं धरलं, तर पाच चमचे होऊन वर थोडी उरते. ती साखर आम्ही कागदावर काढून ठेवली. वर्गात एकदम शांतता!

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं आहे की, अशी वरून घातलेली साखर मोठ्या माणसानंही दिवसाकाठी साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. मग लहान मुलांनी त्याहून कमीच, नाही का? आणि त्या मुलानं तर न्याहारीलाच तेवढी साखर संपवली असती!

अजून गंमत पुढेच आहे. बाटलीच्या एका कडेला इंग्रजीत तीन शब्द होते. एका मुलीनं अक्षरं जुळवत वाचले, “कंटेन्स... नो... फ्रूट.” म्हणजे काय? म्हणजे, यात फळ नाही! चित्र संत्र्याचं, रंग संत्र्याचा, वास संत्र्याचा. संत्रं मात्र नाही. पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, मग ज्यूस प्यावा. त्यात तर फळ असतं! असतं खरं, पण नीट समजून घेऊ. संत्रं पिळून गाळलं की गाळणीत काय उरतं? चोथा. तो आपण टाकून देतो. त्या चोथ्यातच तंतू असतात. त्यांच्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं, पोट साफ होतं आणि फळातली साखर अंगात हळूहळू जाते. चोथा टाकला की गोड पाणी तेवढं उरतं. डब्यातल्या ज्यूसचं म्हणाल, तर पुष्कळदा तो आटवलेल्या रसात पाणी घालून केलेला असतो. म्हणून तर देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की, अशा डब्यांवर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं लिहू नका.

स्मूदीत फळ गाळत नाहीत. अख्खं घोटतात, चोथ्यासकट. त्यात दही किंवा दूध घालतात, म्हणून ती दाट होते. मी हे फळ्यावर लिहिलं, तशी मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, “मॅडम, हे तं आमच्या आजीचं शिकरणच व्हय!”

अगदी बरोबर! केळं कुस्करून दुधात घातलं की झालं शिकरण. आपल्या आज्यांनी हे कधीच केलेलं आहे. नाव तेवढं नवीन.

तर मग दुसऱ्या दिवशी त्या मुलानं पिशवीभर बारीक संत्री आणली आणि आम्ही वर्गातच बेत केला. मिक्सर नव्हता. म्हटलं, रवीनं करू. पहिल्या खेपेला एकानं सुचवलं, दूध घालू. घातलं, वर संत्रं पिळलं, आणि काय झालं असेल? दूध फाटलं! पातेल्यात पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या. संत्र्यात आंबटपणा म्हणजे आम्ल असतं. आम्लामुळे दुधातली प्रथिनं गोळा होतात. पनीर करताना लिंबू पिळतात ते याचसाठी. म्हणून आंबट फळाबरोबर दूध नको, दही घ्यायचं. फजिती झाली, पण हा धडा आता कोणी विसरणार नाही!

दुसऱ्या खेपेला जमलं. ती कृती लिहून घ्या. दोन छोटे पेले होतात. एक तुमचा, एक धाकट्या भावंडाचा.

साहित्य : बारीक संत्री ३, पिकलेलं केळं १, गोडसर ताजं दही अर्धी वाटी, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट १ चमचा, चिमूटभर मीठ, आवडत असेल तर चिमूटभर जिरेपूड. साखर? अजिबात नाही. गोडी केळं देतं. जितकं पिकलेलं, तितकं गोड. सालीवर काळे ठिपके पडलेलं केळं तुम्ही बाजूला सारता ना? इथे तेच लागतं.

कृती : आधी हात धुवा. संत्रीही सोलण्याआधी धुवा, कारण सालीवरची धूळ बोटांना लागते आणि बोटं फोडींना. फोडी सुट्या करून पाठीकडून उघडा आणि सगळ्या बिया काढा. आतला गर बोटांनी मोकळा करा. गाळणी घ्यायची नाही हं! पातेल्यात केळं वाटीच्या बुडानं चांगलं कुस्करा. गुठळी राहू देऊ नका. त्यात दही घालून रवीनं घुसळा. मग संत्र्याचा गर आणि रस, शेवटी कूट, मीठ, जिरेपूड. पुन्हा दोन मिनिटं घुसळा. झाली स्मूदी! ना गॅस, ना वीज. लाइट गेली तरी अडत नाही.

शेंगदाणे ज्यांना सोसत नाहीत त्यांनी कूट वगळावं. घरी मिक्सर असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या. ओल्या हातानं बटण दाबायचं नाही, झाकण धरून ठेवायचं आणि भांड्यात बोट किंवा चमचा घालण्याआधी पिन काढायची.

आणि केली की लगेच प्यायची. का? त्यासाठी एक प्रयोग देते. संत्र्याचा थोडा ताजा रस काढा, चाखा. उरलेला झाकून ठेवा आणि दोन-तीन तासांनी एक थेंब पुन्हा चाखा. थोडा कडवट लागला का? आपल्या नागपुरी संत्र्याची ही खोडच आहे. रस काढल्यावर त्यात लिमोनिन नावाचा कडू पदार्थ हळूहळू तयार होतो. या संत्र्याचा रस डब्यात भरून टिकवणं अवघड जातं, त्याचं हे एक मोठं कारण. बियांतही हा कडूपणा असतो, म्हणून तर बिया आधी काढल्या. म्हणजे पाहा, आपलं संत्रं जणू सांगतंय, मला बाटलीत कोंडू नका, आत्ताच खा!

संत्र्याचा मोठेपणा जगाला कसा कळला, ठाऊक आहे? १७४७ सालची गोष्ट. जहाजावरच्या खलाशांना तेव्हा स्कर्व्ही हा रोग व्हायचा. हिरड्यांतून रक्त, अंगात त्राण नाही, आणि शेवटी मरण. जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरनं ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा आजारी खलाशी निवडले. दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला मिळाली रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत ती दोघं सगळ्यांत चांगली सुधारली! त्यामागचं ‘क’ जीवनसत्त्व पुढे विसाव्या शतकात सापडलं. डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागायलाही हे जीवनसत्त्व मदत करतं. आणि फळ बारीक असलं म्हणून ते नाहीसं होत नाही. व्यापाऱ्याचं माप वेगळं, पोटाचं माप वेगळं.

संत्री संपली की काय? ऋतू बदलेल तसं फळ बदला. हिवाळ्यात पेरू आहे, पण त्याच्या बिया टणक, म्हणून त्याचा गर चाळणीतून काढा. उन्हाळ्यात आंबा, टरबूज. पपई दुधात घोटून ठेवून दिली तर कडवट होते, कारण तिच्यातला पाचक रस दुधातल्या प्रथिनांना तोडतो. म्हणून तीही लगेच संपवा. पावसाळा सरता सरता सीताफळ येईल. इथे मात्र नीट ऐका. सीताफळाची एकही बी मिक्सरमध्ये जाता कामा नये. बी अख्खी गिळली गेली तर सहसा काही होत नाही, पण ती फोडलेली वा वाटलेली विषारी असते आणि तिची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते. सीताफळाचा गर मोठ्या माणसाकडूनच काढून घ्या.

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाच्या रोजच्या ताटात १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. म्हणजे एखादं केळं किंवा पेरू. त्यासाठी महागडं परदेशी फळ आणायची गरज नाही. पण स्मूदी चांगली म्हणून तांब्याभर देऊ नका. घोटलेलं फळ चावलेल्या फळापेक्षा पटकन पोटात जातं. ब्रिटनची आरोग्यसेवा तर फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीलिटरच्या वर नको म्हणते. एक छोटा पेला पुरे. शक्य असेल तेव्हा फळ चावूनच खावं, आणि पेल्याबरोबर एखादी पोळी किंवा भाकरीचा तुकडा असावा. स्मूदी ही जेवणाची जागा घेत नाही, रिकामी सकाळ तेवढी सावरते. घरात कोणाला मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

सीबीएसईनं मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘साखर-फलक’ लावायला सांगितलं. आमची शाळा त्यांची नाही, पण चांगली गोष्ट घ्यायला कोणाची परवानगी लागते? आम्हीही एक पुठ्ठा टांगला आहे. रिकामी बाटली चिकटवायची आणि खाली तिच्यातले साखरेचे चमचे लिहायचे.

आणि तो मुलगा? परवा त्याची आई बाजारात भेटली. हातातली पिशवी सावरत म्हणाली, “मॅडम, आता पोरगं दहा रुपये नाही मांगत. केळं मांगते! रात्रीच दही लावलं का म्हणून इचारते. स्वतः घुसळते आन् बहिणीलेही देते.” सांगताना तिचे डोळे भरून आले. अंधारात घर सोडताना तिच्या जिवाला किती घोर लागत असेल, ते मला तेव्हा कळलं.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा गृहपाठ. एक, घरातली किंवा दुकानातली एक बाटली घ्या, साखरेचं गणित सोडवा. दोन, तुमच्या गावात आत्ता जे फळ स्वस्त आहे त्याची स्मूदी करा, गाळणी आणि साखरेशिवाय. फजिती झाली तर तीही लिहून कळवा. आमचं दूध फाटलं, तुमचं काय झालं ते वाचायला मला फार आवडेल.

वाट पाहते हं!

तुमची,
मालेगावची मॅडम