छावणी उठते, शाळा विसरली जाते

लष्करी प्रशिक्षणाची एखादी जुनी शाळा बंद होते, तिची जमीन पुनर्विकासासाठी दिली जाते आणि इमारतींवर हातोडा पडण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांचा अखेरचा मेळावा भरतो. जुन्या तुकड्यांची हजेरी घेतली जाते, दिवंगत सहकाऱ्यांचे स्मरण होते, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवसापासून चर्चा उरते ती चटईक्षेत्राची. शाळेची जमीन कोणाकडे गेली याची नोंद सरकारदप्तरी चोख राहते. त्या शाळेने कोणाला घडवले, याची नोंद मात्र मेळाव्याबरोबरच पांगते.

हा प्रश्न आता महाराष्ट्राच्या दाराशी आला आहे. देशातील ६२ छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या नागरी स्वराज्य संस्थांत विलीन करण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले आणि एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योलपासून त्याची सुरुवात झाली. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर या राज्यातील सात छावण्या याच चर्चेच्या कक्षेत आहेत. कर, पाणीपुरवठा, बांधकामाचे नियम, कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी यांवर बराच खल झाला. नागरिकांच्या दृष्टीने तो आवश्यकही आहे. परंतु छावण्यांच्या हद्दीत शाळा आहेत, जुन्या बराकी आहेत, दीडशे-दोनशे वर्षांची दप्तरे आहेत. त्यांचे काय करायचे, याची वाच्यता क्वचितच होते.

छावणी उठल्यावर काय होते, हे पाहायचे तर रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीकडे वळावे. पेशवाई संपल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांनी दक्षिण कोकणातील लष्करी ठाण्यासाठी ही जागा निवडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे म्हणून तिचे महत्त्व संपले. मागे राहिले ‘कॅम्प’ हे नाव, जुन्या चर्चचे अवशेष आणि येथेच स्थायिक झालेले निवृत्त शिपाई. दापोलीपासून काही मैलांवर, समुद्रकाठी मुरुड आहे. हे जंजिऱ्याचे मुरुड नव्हे. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे मुरुड. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी किशोरवयीन कर्वे येथून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेला न बसताच परतले, ही कथा सुपरिचित आहे. शिक्षणाची परंपरा असलेल्या घरातील मुलालाही त्या काळी शाळेची वाट इतकी बिकट होती. मग ज्यांना शाळेच्या ओटीवरही जागा नव्हती, त्यांचे काय?

त्यांच्यापैकी काहींना शाळा मिळाली ती पलटणीत. शिपायांच्या मुलामुलींना सैन्यात शिक्षण सक्तीचे होते, प्रौढांसाठी रात्रशाळा होत्या आणि या शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून पुण्यात नॉर्मल स्कूल होते, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात नमूद केले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. पुण्यात शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकी केली. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीत राहिले. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर हेही १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत आले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. अस्पृश्यतेला शास्त्राधार कोणता, असे थेट विचारणारा हा निवृत्त शिपाई लिहायला-वाचायला आणि जगाकडे पाहायला सैन्यात शिकला होता.

आणि मग ही वाट बंद झाली. ‘लढाऊ जाती’ कोणत्या याविषयीच्या नव्या सिद्धांताच्या आधारे १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबवण्यात आली. तिच्याविरुद्ध वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. भरतीबंदीचा अर्थ केवळ नोकरी गेली एवढाच नव्हता. पलटणीत प्रवेश नाही म्हणजे पलटणीच्या शाळेतही प्रवेश नाही. दापोलीच्या कॅम्पातील निवृत्तांची पिढी हा त्या शाळांचा अखेरचा मेळावाच होता, फरक इतकाच की त्याची छायाचित्रे कोणी काढली नाहीत. पहिल्या महायुद्धातील अल्पकाळ सोडला, तर महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात किती मुले शाळेबाहेर राहिली, याचा हिशेब आज मांडता येत नाही. जी नावे आपल्याला ठाऊक आहेत, ती पुढे इतिहास घडला म्हणून. त्याच बाकांवर शिकलेल्या इतरांचे काय झाले, हे विचारायला फार उशीर झाला आहे.

वेगळे काही करता येते का? येते, आणि त्याचे उदाहरण मुंबईत जन्मलेल्या एका जहाजाचे आहे. मलबारी सागाची ‘गँजेस’ ही ८४ तोफांची युद्धनौका वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि १८२१ मध्ये पाण्यात उतरली. १८६६ पासून ती ब्रिटिश आरमारात मुलांची प्रशिक्षण नौका झाली. १९०५ मध्ये ही शाळा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील शॉटली येथे जमिनीवर आली आणि १९७६ मध्ये बंद होईपर्यंत सुमारे दीड लाख मुले तिच्यातून बाहेर पडली. पुढे त्या जागेवर घरबांधणीची योजना आली. परंतु ज्या उत्तुंग डोलकाठीवर मुलांना चढवले जाई, ती संरक्षित वास्तू ठरली आणि शाळेच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. माजी विद्यार्थ्यांनी तेथील शिस्तीचा कठोरपणाही लपवला नाही. स्मरण म्हणजे गौरव नव्हे. जे घडले ते सारे सांगणे होय.

आपल्याकडेही मुंबईतील ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन शाळेतून १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांचा उठाव सुरू झाला. निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक हे त्याचे तात्कालिक कारण होते. कुलाब्यात त्या उठावाचे स्मारक उभे राहण्यास २००१ साल लागले. साम्राज्याला हादरा देणाऱ्या प्रशिक्षण शाळेची ही स्थिती असेल, तर साध्या रात्रशाळेला कोण विचारणार?

छावण्यांचे विलीनीकरण थांबवा, असे म्हणण्याचे कारण नाही. छावणीतील रहिवाशांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि जुन्या बराकी जपण्यासाठी शहरांची वाढ अडवणे शहाणपणाचे नाही. मात्र हस्तांतराच्या करारात तीन गोष्टी घालणे अवघड नाही. पहिली, जमिनीच्या नकाशाबरोबर शाळांची प्रवेश-पुस्तके, हजेरीपट आणि निवृत्तिवेतनाच्या नोंदी यांची यादी करून त्या राज्य पुराभिलेखागाराकडे सोपवाव्यात. दुसरी, माजी विद्यार्थ्यांच्या अखेरच्या मेळाव्याला केवळ निरोपाचा कार्यक्रम न मानता, तेथे येणाऱ्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यांत शिपायांच्या, आचाऱ्यांच्या, सफाई कामगारांच्या मुलांनाही स्थान असावे. तिसरी, एक तरी इमारत शाळा किंवा ग्रंथालय म्हणून वापरात ठेवावी. यासाठी लागणारा खर्च जमिनीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

दापोलीत आज कोकण कृषी विद्यापीठ आहे, पर्यटकांची वर्दळ आहे. मुरुडच्या किनाऱ्यावर निवास-न्याहारीच्या पाट्या आहेत. गाव पुढे गेले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ‘कॅम्प’ हा शब्द उच्चारणाऱ्या किती जणांना तेथील निवृत्त शिपायांची पिढी आठवते? दापोलीची ही चूक इंग्रज सरकारच्या खात्यावर टाकता येते. पुणे-देवळालीत ती झाली, तर ती आपल्याच नावावर जमा होईल.