पदव्युत्तर जागांचे माप

जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले. तेव्हापासून अंबडसारख्या तालुक्याच्या गावीही, ज्या घरी बारावीचे मूल आहे त्या घरी, एक प्रश्न हमखास निघतो : तेथून ‘पी.जी.’ला किती जण लागतील? पहिली तुकडी आंतरवासिता संपवून बाहेर पडावयास २०३० साल उजाडेल. तेव्हा आज या प्रश्नाला उत्तर नाही. परंतु हे मापच मुळात खरे आहे काय, याचा विचार आताच होणे अगत्याचे आहे.

पालकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. नुसत्या एम.बी.बी.एस. पदवीवर शहरात जम बसणे किती अवघड झाले आहे, हे ते पाहतच आहेत. पण पदव्युत्तर जागा ठरते ती महाविद्यालयाच्या शिफारशीवर नव्हे, तर ‘नीट-पीजी’ या अखिल भारतीय परीक्षेतील क्रमांकावर. साडेतीन तासांत दोनशे प्रश्न, आणि पुढ्यातील पर्यायांतून उत्तर निवडावयाचे! नाडी पाहणे, टाका घालणे, घाबरलेल्या नातलगांशी चार शब्द बोलणे यांपैकी काहीही तेथे तपासले जात नाही. साहजिकच आंतरवासितेचे वर्ष प्रसूतिकक्षाऐवजी प्रश्नसंचांत सरते. जे महाविद्यालय आपल्या विद्यार्थ्यांना वॉर्डातून लवकर सोडील, त्याचाच ‘निकाल’ उजवा ठरावा, अशी ही विपरीत गत आहे.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षे शाळेत शिकविले आहे. निकालाच्या फलकावर झळकणारी मुले बहुधा पाचवीत येतानाच हुशार असत. आमची खरी कसोटी लागे ती पाढेही धड न येणाऱ्या मुलापाशी. त्याचे नाव फलकावर कधी चढले नाही. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात राज्यातले निवडक गुणवंत जातात. पुढे त्यांना हवी ती शाखा मिळाली, तर त्यात गुरुजनांचा वाटा किती आणि निवडीचा किती, हे नुसत्या आकड्यावरून कसे कळावे? शिवाय जागा मिळाली म्हणजे कोणती, हेही पाहावयास हवे. २०२३ साली रिक्त जागा भरण्यासाठी या परीक्षेची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली होती. क्ष-किरणशास्त्रासाठी झुंबड आणि शरीररचनाशास्त्राच्या जागा ओस, असा हा बाजार आहे; दोहोंची बेरीज करून काय सिद्ध होणार?

१९६९ साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. आपल्या पदवीधराने तेथेच पुढे शिकावयाचे तर आधी दोन वर्षे खेड्यात सेवा करावी, असा दंडक तिने घातला. पदव्युत्तर शिक्षणाला तिचा विरोध नव्हता. त्याकडे जाणारी वाट तेवढी तिने खेड्यातून नेली.

जालन्याच्या महाविद्यालयाने माहितीपत्रकात पी.जी.चे आकडे अवश्य छापावेत. पण त्यांच्याच शेजारी, आंतरवासितेत प्रत्येकाने स्वहस्ते किती बाळंतपणे केली आणि पाच वर्षांनंतर तो कोणत्या गावी रुग्ण तपासतो आहे, हेही छापावे. पुढे एखाद्या रात्री अंबडच्या उपजिल्हा रुग्णालयात अडलेली बाळंतीण येईल, तेव्हा तेथे हजर असलेल्या डॉक्टराला तिच्या नातलगांनी त्याचा परीक्षेतील क्रमांक विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.