दोन महिन्यांतून एक संध्याकाळ : मोहल्ल्याला फक्त शांतता समितीलाच का बोलावता?

२ डिसेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांसाठी मतदान झालं. आमच्या दोंडाईचात त्या दिवशी कोणाच्या बोटाला शाई लागली नाही. माघारीची मुदत संपली तेव्हाच नगराध्यक्ष आणि सगळे २६ नगरसेवक बिनविरोध निवडून आले होते, तेही एकाच पक्षाचे. मतदान यंत्रच लागलं नाही, त्यामुळे ‘नोटा’ दाबायचीही सोय उरली नाही.

मी या निवडणुकीच्या वैधतेवर लिहीत नाही. बिनविरोध निवडून येणं कायद्यात बसतं, आणि जे निवडून आले ते पुढची पाच वर्षं आपले कायदेशीर प्रतिनिधी आहेत. माझा प्रश्न पुढचा आहे. ज्या सभागृहात विरोधी बाकच नाही, तिथे प्रश्न कोण विचारणार? माझ्या मते प्रश्न प्रभागातूनच यावा लागेल, आणि त्यासाठी प्रभागाने नियमितपणे एकत्र बसावं लागेल. हे बसणं आज आपल्याकडे नाही. नसण्याचा दोष सगळा वरच्यांवर ढकलून मोकळं होणं मला मान्य नाही.

आधी एक विचित्र गोष्ट बघा. शिंदखेडा तालुक्यातल्या हजार-बाराशे वस्तीच्या कुठल्याही खेड्यात राहणाऱ्या माणसाला संविधानाने ग्रामसभा दिली आहे. वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. प्रथेप्रमाणे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी तेवढी गणपूर्ती लागते. त्याआधी महिलांची वेगळी सभा. सभा बोलावण्यात कसूर केली तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. आता तेच कुटंब मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून उठून दोंडाईचात भाड्याच्या घरात आलं की त्याच्या हातून हे सगळं सुटतं. गाव मोठं झालं, घरपट्टी वाढली, आणि विचारायची जागा गेली!

याचं कारण ७४ व्या घटनादुरुस्तीत आहे. १ जून १९९३ पासून ती लागू झाली. तिच्या कलम २४३-एस प्रमाणे वॉर्ड समित्या सक्तीच्या आहेत, पण तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांतच. २०११ च्या जनगणनेत दोंडाईचा-वरवाडेची लोकसंख्या ४६ हजारांवर होती. जळगाव आणि धुळे ही दोन शहरं सोडली तर खानदेशातलं एकही गाव या सक्तीत बसत नाही. भुसावळ नाही, नंदुरबार नाही, अमळनेर, शिरपूर, चोपडा कोणीच नाही. म्हणजे ज्या गावांत लोक एकमेकांना नावाने ओळखतात, जिथे सभा घेणं सगळ्यात सोपं, तिथेच ती सक्तीची नाही.

पण संविधानाने सक्ती केली नाही याचा अर्थ मनाई केली असा होत नाही. त्याच कलमात राज्याला आणखी समित्या नेमायची मोकळीक आहे. केरळने तिचा उपयोग केला. तिथल्या नगरपालिका कायद्यात एक लाखापर्यंतच्या गावांसाठी वॉर्डसभा आहे आणि वॉर्डातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. पश्चिम बंगालनेही लोकसंख्येची अट न घालता वॉर्ड समित्या ठेवल्या. आपल्याकडे २००९ साली महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा आली. मी पुण्यात राहतो. तिथे नागरी संघटना त्या सभांसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करताहेत, आणि माझ्या सोसायटीतल्या दहा जणांना विचारलं तर क्षेत्रसभा हा शब्द माहीत असलेला एकही निघत नाही. त्याच पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात घ्यायची अशी पद्धत मात्र सुरू आहे. तिच्यात त्रुटी पुष्कळ आहेत, तरी निदान एक अर्ज आहे, एक तारीख आहे.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येतो, कारण मूळ दुखणं तिथे आहे.

मोहल्ल्याला सरकारी बोलावणं येतं ते कशासाठी? गणेशोत्सव जवळ आला, ईद आली, की पोलीस ठाण्यातून शांतता समितीचा निरोप येतो. ठरलेले आठ-दहा चेहरे जातात, चहा होतो, ‘आमच्याकडून पूर्ण सहकार्य राहील’ असं सांगून परततात. या बैठका नकोत असं मी म्हणणार नाही. भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली, हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच दंगलींनंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. आणि आपल्याच जिल्ह्यात, धुळ्यात, ६ जानेवारी २०१३ ला काय झालं ते आपण विसरलेलो नाही. पोलीस गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. एकत्र बसण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

तक्रार वेगळी आहे. शासनाच्या वहीत मोहल्ला हा फक्त कायदा-सुव्यवस्थेचा विषय म्हणून नोंदला गेला आणि आपणही ती नोंद मुकाट्याने स्वीकारली. मोहल्ल्यातून धोका आहे का, हे विचारायला बोलावतात. पाणी किती दिवसांनी येतं हे विचारायला बोलावत नाहीत. ज्या माणसाला वर्षातून दोनदा ‘दंगा करू नका’ एवढंच सांगायला खुर्ची दिली जाते, तो नागरिक म्हणून मोजला जातोय का? आणि ती खुर्ची मिळाली याचाच मान वाटून आपण फोटो टाकत असू, तर मग तक्रार कोणाकडे करायची?

आपल्याला एकत्र येऊन निर्णय घेता येत नाही हे तर अजिबात खरं नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यभर ठिकठिकाणी मुस्लिम समाजाने बसून चर्चा केली आणि जुलूस एक दिवस पुढे ढकलला. सरकारने ईदची सुट्टीही २९ तारखेला नेली. हजारो गावं-मोहल्ल्यांत तरुणांना समजावणं, ज्येष्ठांना राजी करणं, तारीख पाळणं हे सगळं आपणच केलं. एवढी शिस्त ज्यांच्यात आहे त्यांना दोन महिन्यांतून एकदा तास-दीड तास बसून गटार, पाणी, शाळा आणि दिवाबत्तीवर बोलता येणार नाही?

आक्षेप मला ठाऊक आहेत. गावी गेलो की ऐकतोच. शेजारचे बाबा अहिराणीत विचारतात, “तठे जाईसन काय व्हई?” तिथे जाऊन काय होणार? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

तिथे गेल्यावर पैसा दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दोंडाईचासारख्या गावांना जे अनुदान ठरवलं, त्यातलं ६० टक्के बंधित आहे. निम्मं पाण्यासाठी आणि निम्मं स्वच्छतेसाठी. ते दुसरीकडे वळवता येत नाही. शिवाय अनुदान मिळण्यासाठी हिशेब जाहीरपणे ऑनलाइन ठेवण्याची अट आहे. ‘निधी नाही’ हे उत्तर ऐकून आपण चौकातून परत फिरतो तेव्हा ‘कुठला निधी नाही, बंधित की मोकळा?’ असा उलटा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर मंजूर व्हायचं असतं. आपण रस्ता मागायला जातो जूनमध्ये, पहिला पाऊस पडून चिखल झाला की. तोवर आकडे छापून झालेले असतात.

दुसरा आक्षेप तरुणांचा असतो : “ग्रुप आहे ना!” मोहल्ल्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, नगरसेवक त्यात आहेत, फोटो टाकला की अंगठा येतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चूक सापडली की तिला क्रमांक मिळतो, ती कोणाच्या नावावर आहे ते लिहिलं जातं, आणि ती बंद झाली की का व कशी तेही लिहिलं जातं. क्रमांक नसेल तर ती चूक कोणाचीच नसते आणि कोणीच ती दुरुस्त करत नाही. दर दोन आठवड्यांनी टीम बसते आणि काय ठरलं होतं, काय झालं, काय राहिलं, एवढं तीन रकान्यांत सांगते. यात हुशारी कसलीच नाही. पण ग्रुपवर टाकलेला तुंबलेल्या गटाराचा फोटो संध्याकाळी लग्नाच्या पत्रिकांखाली आणि गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. पुढच्या वर्षी तेच गटार, तोच फोटो. ग्रुप निरोपासाठी ठीक आहे, पण नोंद कागदावरच हवी.

तिसरा आक्षेप असा की नगरसेवक घरचाच माणूस आहे, केव्हाही भेटतो. भेटतो, खरं आहे. पण ज्याची ओळख आहे त्याला भेटतो. चौकात एकट्याने मागितलेलं काम हे उपकार होतं आणि निवडणुकीला त्याची आठवण करून दिली जाते. सगळ्यांसमोर मागितलेलं काम लिहून घ्यावं लागतं. आपल्या बाजार समितीत मिरचीचा लिलाव ढिगासमोर उभं राहून, चार लोकांच्या देखत होतो. शेतकऱ्याच्या कानात भाव सांगितला तर तो ऐकून घेईल का? मग आपल्या घरपट्टीचा हिशेब आपण कानात का ऐकतो?

आणि बायकांचं काय? चौकातल्या भेटीत आणि पोलीस ठाण्यातल्या बैठकीत त्या दिसतच नाहीत. नळ आला की हंडे भरायला त्याच उठतात, कचरा गाडी चुकली की घरात कचरा त्याच सांभाळतात, अंगणवाडी कधी उघडते हे त्यांनाच माहीत असतं. पाण्यावरची बैठक पुरुषांनी रात्री साडेनऊला पान टपरीजवळ घेतली तर ती अर्धवट माहितीवर चालणार. खेड्यात महिलांची सभा आधी घ्यायची पद्धत आहे, तीच इथे घ्या. दुपारी तीनला, शाळेच्या वर्गात.

एक गोष्ट मला जरा ठासून सांगायची आहे, काहींना आवडणार नाही तरी. ही सभा मशिदीच्या हॉलमध्ये आणि फक्त जमातीची नको. १३ प्रभाग आहेत, प्रत्येकी दोन सदस्य. कुठलाही प्रभाग एका समाजाचा नाही. वरच्या आळीतलं सांडपाणी खालच्या मोहल्ल्यात येतं, आणि खालच्या मोहल्ल्यात नाला अडला की वरच्या आळीत तुंबतं. पाटील, कोळी, भिल्ल, मराठा, बौद्ध, मुस्लिम अशी घरं एका पाइपलाइनवर असताना वेगवेगळ्या बैठका घेतल्या तर प्रत्येक बैठकीत दुसऱ्याकडे बोट दाखवलं जाणार, आणि ज्यांना आपल्याला वेगळं ठेवायचं आहे त्यांचं काम आपणच करून देणार.

राज्य सरकारकडे मागणी एकच आहे. लाखाच्या आतल्या प्रत्येक नगरपरिषदेत, केरळप्रमाणे, प्रत्येक मतदार सदस्य असलेली आणि ग्रामसभेसारखी तारखेने बांधलेली प्रभागसभा कायद्याने सक्तीची करा. न घेणाऱ्यावर सरपंचाइतकीच जबाबदारी टाका. या मागणीची निवेदनं आमदारांना द्यायला हवीत, आणि ती फक्त आपल्या संघटनेच्या लेटरहेडवर नकोत.

पण कायदा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातल्या कलम ८१ प्रमाणे दर दोन महिन्यांनी सर्वसाधारण सभा व्हायची असते आणि ती लोकांना खुली असते. जाऊन मागच्या खुर्चीवर बसा, गोंधळ न घालता ऐका, लिहून घ्या. सभेचा अजेंडा आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मागा. ते दिलं नाही तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहे, प्रतीचे पानाला २ रुपये. ते इतिवृत्त मोहल्ल्याच्या फळ्यावर लावा, मराठीत आणि उर्दूत. सर्वसाधारण सभेच्या आठवडाभर आधी प्रभागातल्या दोन्ही नगरसेवकांना लेखी पत्र देऊन शाळेत बोलवा. नव्या सभागृहात सगळे एकाच पक्षाचे आहेत, तेव्हा ‘विरोधक काम करू देत नाहीत’ ही सबब त्यांनाही देता येणार नाही. ते आले तर स्वागत करा, चहा पाजा आणि तीन रकाने समोर ठेवा. नाही आले तर रिकाम्या खुर्चीची नोंद वहीत करा, तारखेसकट, आणि सभा ठरल्याप्रमाणे चालू ठेवा.

वही साधी दोनशे पानी चालेल. पहिल्या पानावर प्रभाग क्रमांक, मग अनुक्रमांक एक : कुठलं काम, कोणी सांगितलं, कोणाला सांगितलं, कधीपर्यंत.