पनवेलमध्ये ‘रिंगाण’ वाचताना

वाचनकट्ट्यावर कधी गेला असाल, तर हे चित्र तुमच्या ओळखीचं असेल. आठ-दहा जण गोलात बसलेत, निम्म्यांची कादंबरी अर्धीच वाचून झालीय. एक जण म्हणतो, ‘मस्त आहे, पण शेवट नाही पटला.’ दुसरा म्हणतो, ‘भाषा जरा जड आहे.’ मग चहा येतो, ग्रुप फोटो निघतो आणि चर्चा संपते. मोठ्यांच्या कार्यक्रमातली शाल आणि श्रीफळ तेवढं नसतं, हीच काय ती सुधारणा!

आवडली-नाही आवडलीच्या पुढे जायचं, तर आपल्या पायाखालच्या जमिनीशी नातं सांगणारी कादंबरी घ्या. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ घ्या. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणामुळे उठलेल्या माणसांची आहे. गाव सोडताना मागे राहिलेली म्हैस आणायला माणूस परत जातो, पण ती आता रानाची झालेली असते.

ही गोष्ट पनवेलात वाचून बघा. ८ ऑक्टोबर २०२५ला ज्या विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशी दहा गावं उठली. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. त्याच्याही कितीतरी आधी, जानेवारी १९८४मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जमिनीच्या लढ्यात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले.

आता तुमचा वर्ग आठवा. एका बाकावर चिंचपाड्याची मुलगी, जिच्या घराच्या जागी आता विमानतळ आहे. दुसऱ्या बाकावर कामोठ्याच्या टॉवरमधला मुलगा, ज्याच्या आईवडिलांनी साताऱ्या-सांगलीहून येऊन, कर्ज काढून फ्लॅट घेतला. दोघं एकमेकांबद्दल काय ऐकून असतात? ‘त्यांना काय, साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले, गाड्या आल्या.’ आणि तिकडून, ‘हे बाहेरून आलेले.’ विषय निघाला की भांडण होणार, म्हणून तीन वर्षं कोणी तो काढतच नाही.

मध्ये म्हैस आली की बोलता येतं. गोठ्याची भरपाई ठरवता येते. तिच्या चरायच्या वाटेची कशी ठरवायची? माणसाच्या हाकेला ती आता ओ देत नाही, तर चुकतंय कुणाचं? यावर दोघांनाही मत असतं आणि त्यासाठी कुणालाही आपलं घर उघडं करावं लागत नाही. आणखी एक गंमत. खोत कोल्हापूरकडचे. चिंचपाड्याच्या मुलीला अडणारा एखादा शब्द कामोठ्याच्या मुलानं आजीच्या तोंडून ऐकलेला असेल. त्यालाच एक पान मोठ्यानं वाचायला सांगा.

कादंबरीशी भांडायलाही हरकत नाही. धरण म्हणजे विमानतळ नव्हे. आगरी, कोळी, कराडी घरांचा अनुभव एकसारखा नाही. भरपाईतून धंदा उभा करून सुखानं राहणारंही कोणी असेल. तेही कट्ट्यावर यायला हवं. पथ्य एकच पाळा: ‘तू सांग ना, तुमच्याकडे काय झालं?’ म्हणत त्या मुलीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करू नका. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, नाहीतर म्हशीबद्दल बोलेल. दोन्ही चालतं.

दहा प्रती घ्यायची गरज नाही. दोन-तीन फिरवा, महिनाभर वेळ द्या आणि वाचून न आलेल्यालाही बसू द्या. पुढच्या वेळी तो वाचून येतो.

मग देविदास सौदागर यांची ‘उसवण’ घ्या. २०२४चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी रेडीमेड कपड्यांनी कोंडीत पकडलेल्या शिंप्याची आहे. पनवेलच्या बाजारात मशीनवर बसलेले एखादे काका दिसले, तर चर्चेच्या आधी एक पँट आखूड करून घ्यायच्या निमित्तानं त्यांच्याशी बोलून या.